दोन-दहाचं माप

पौडच्या बाजारपेठेत मौलाभाई मण्यारांचं बांगड्यांचं दुकान आहे. पाटीवर लेकीचं नाव आहे – ‘आसमा बँगल्स’. आणि ज्या आसमाचं ते नाव, ती बी.कॉम. होऊनही त्याच पाटीखाली बसून बायकांच्या हातांत बांगड्या भरत असे.

श्रावण सरत आला होता. आठवडे बाजाराचा दिवस, त्यात अचानक सर आली. भाजीवाल्यांची प्लास्टिकं ओढायची धांदल उडाली, आणि त्या गडबडीत एक तरुण थेट दुकानात घुसला. हातात हेल्मेट, चष्म्यावर थेंब, चेहऱ्यावर चुकून मुलींच्या वर्गात शिरल्यासारखा भाव.

“बांगड्या... मिळतील?”

आसमाने तिन्ही भिंतींवरून नजर फिरवली. छतापर्यंत बांगड्याच होत्या.

“बघते हायेत का,” ती म्हणाली.

तो लाजला. चष्मा पुसायला लागला. काचा पुसून झाल्या तेव्हा त्याला ती नीट दिसली असावी, कारण तो परत पुसायला लागला.

“बहिणीसाठी हव्यात. औशाला असते ती, लातूरकडे. मोरपंखी रंग म्हणालीय.”

“माप?”

“माप... म्हणजे मनगट साधारण...” त्याने बोटांचा गोल करून दाखवला. त्यात भोपळाही मावला असता.

“मनगटावर न्हाई, पंजावर माप असतंय. बांगडी पंजातून आत गेली पायजे ना! दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ... सांगा.”

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. डझनभर मोरपंखी बांगड्या तिच्या बोटांवर किणकिणत होत्या.

“हात... तुमच्याएवढाच आहे.”

“मंग दोन-चार.” तिने बांगड्या कागदात गुंडाळल्या. सर थांबली होती. तो मात्र पायरीवर थोडा वेळ उभा राहिला आणि मग हेल्मेट उलटं घालून निघाला. आसमा दिवसभर मधूनच हसत होती. अम्मीने विचारलं तर म्हणाली, “गिऱ्हाईक येडं होतं एक.”

*

त्या सुमाराला आसमाचं मन थाऱ्यावर नव्हतं. लवळ्याच्या टेकडीवर एका संस्थेने मुळशीतल्या मुलामुलींसाठी शनिवार-रविवारी प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू केला होता. वर्ग पुरा करणाऱ्यांतून काहींना हिंजवडीच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून घेणार होते. आसमाने हौसेने नाव घातलं, पण शिकवणारे गृहस्थ पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायचे आणि ‘अंडरस्टूड?’ म्हणायचे. मराठी शाळेतून आलेली निम्मी पोरं मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्याला यायचीच नाहीत. शेवटी ते गृहस्थही येईनासे झाले.

इकडे अम्मीने सासवडचं एक स्थळ काढलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. फक्त आसमाला विचारलं की ती मोजलेल्या बांगड्या पुन्हा मोजायला लागायची.

“अब्बा, ते शिक्षान माझ्या डोक्याभायेरचं हाय,” शनिवारी सकाळी ती म्हणाली. “न्हाई जात मी.”

मौलाभाई झाडू मारत होते. “सोडायचं तर कदीबी सोडता येतं, बेटा. आज जाऊन ये.”

म्हणून ती गेली. बसने लवळे फाटा, तिथून रिक्षाने चढण. टेकडीवर धुकं उतरलं होतं, वर्गाच्या खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. ती मागच्या बाकावर बसली. दार उघडलं आणि नवे सर आत आले.

चष्मा. हेल्मेट. तेच येडं गिऱ्हाईक!

त्याचीही नजर मागच्या बाकावर गेली आणि तिथेच घुटमळली. “मी परवेज शिकलगार,” तो फळ्याकडे बघून म्हणाला. “हिंजवडीत नोकरी करतो, वाकडला राहतो. आज... आज कॉम्प्युटर चालू करायचा नाही. आज नुसत्या गप्पा.”

पोरांना हायसं वाटलं. त्याने खडू उचलला.

“मागच्या बाकावर... तुमचं नाव?”

“आसमा मौला मण्यार.”

त्याने फळ्यावर लिहिलं : नाव = “आसमा”.

“वय?”

“तेवीस.”

“घरापासून इथवर अंतर?”

“साडेचौदा किलोमीटर म्हना.”

“लग्न झालंय?”

वर्गात खसखस पिकली. आसमाचे कान गरम झाले. “न्हाई.”

त्याने लिहिलं : लग्न_झालंय = False.

“फॉल्स म्हंजे खोटं ना, सर?” ती उसळून म्हणाली. “आवो, मी खरं सांगतीय!”

आता सगळा वर्ग हसला. तोही हसला. “तुम्ही खरंच बोललात. ‘लग्न झालंय’ हे वाक्य खोटं आहे.” मग जरा थांबून, खडूशी खेळत – “सध्या.”

नंतर त्याने एकेका ओळीवर बोट ठेवलं. नाव म्हणजे शब्द. वय म्हणजे पूर्ण संख्या. अंतरात दशांशचिन्ह आलं. आणि शेवटच्या ओळीला फक्त दोनच उत्तरं – हो किंवा नाही. “माणूस बघितल्या बघितल्या ओळखतो की हा शब्द आहे आणि हा आकडा. यंत्राला ती अक्कल नसते. त्याला प्रत्येक गोष्टीची जात... नको, जात नको म्हणूया, प्रकार – प्रकार सांगावा लागतो. डेटा टाइप म्हणतात तो एवढाच.”

“आन् ते व्हेरिएबल?” कुणीतरी भीत भीत विचारलं.

“शाळेत बीजगणित होतं ना? त्यात ‘चल’ होता?”

“क्ष!” आसमाच्या तोंडून निघून गेलं. “लई छळायचा तो.”

“तोच हा. फक्त इथे त्याला क्ष म्हणायची सक्ती नाही. आपल्याला आवडेल ते नाव द्यायचं. ‘वय’ हे नाव. आत आज तेवीस आहे, पुढच्या वाढदिवसाला चोवीस होईल. नाव तेच, आतली गोष्ट बदलते.”

आसमा फळ्याकडे बघत राहिली. ज्या शब्दाला ती इतके आठवडे घाबरत होती, तो तिचा जुना ओळखीचा क्ष निघाला होता. परक्या गावच्या गर्दीत गल्लीतलं कुणी भेटावं तसं तिला झालं.

“बरं, मोबाइल नंबर कुठल्या प्रकारात घालाल?” परवेजने विचारलं.

“आकड्यात!” पोरं ओरडली.

“दोन मोबाइल नंबरांची बेरीज कधी केलीय?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग मागून आसमाचा आवाज आला, “त्येची कोन बेरीज करतंय? त्यो आकड्यांनी लिवलेला पत्ता हाय नुसता. त्येला शब्दांत घालायचा.”

परवेज वळला. “हे वाक्य मी पुढच्या वर्गात चोरणार.”

“चोरा की. पन कुनाचं ते सांगा.”

*

वर्ग सुटल्यावर कॅन्टीनच्या पत्र्याखाली तो चहाचे दोन पेले घेऊन आला. एक तिच्यासमोर ठेवला.

“बहिणीला बसल्या नाहीत बांगड्या,” तो म्हणाला. “घट्ट झाल्या.”

“तुमीच म्हनाला, हात माझ्याएवढा हाय.”

“हो... पण तिचा हात मी कधी नीट बघितलाच नव्हता.”

आसमाने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली. कुणाचा हात नीट बघितला होता, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पत्र्यावरून पाण्याची झालर गळत होती.

मग शनिवार-रविवार येत गेले. ते येईपर्यंतचे वार आसमाला लांबलचक वाटू लागले. परवेज कुणालाही ‘सोपं आहे’ म्हणायचा नाही. “मलाही हे पहिल्यांदा कळलं नव्हतं” म्हणायचा, आणि मग पोरांना विचारायला लाज वाटायची नाही. रागावला, खुलला, की त्याची प्रमाण मराठी सुटून औशाची व्हायची – “काय हसायलीस गं? मी खरं बोलायलो!” – आणि आसमा आणखी हसायची. कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती मात्र ‘सर’च म्हणायची. तो शब्द उच्चारताना तिचा स्वर बदलला होता एवढंच.

दिवाळीच्या आधी प्रत्येकाला स्वतःच्या घरातलं काहीतरी घेऊन छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता. आसमाने दुकानातली मापं घेतली : दोन-दोनपासून दोन-दहापर्यंत. लहान माप आधी, मोठं शेवटी, असं यंत्राने लावून द्यायचं. तिने टिंब देऊन आकडे भरले – २.२, २.४, २.६, २.८, २.१० – आणि बटण दाबलं.

सगळ्यात वर आलं २.१.

“सर! ह्ये काय? दोन-दहा सगळ्यात मोठी बांगडी, ती पयली कशी आली? आन् तिचं शून्य कुटं गेलं?”

परवेज तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याच्या शर्टाला पावसात वाळलेल्या कपड्यांचा वास होता. “दशांशात २.१० आणि २.१ एकच ना. यंत्राने शेवटचं शून्य टाकून दिलं. शब्द करून बघ.”

तिने अवतरणचिन्हं घातली. शून्य परत आलं, पण दोन-दहा वरच राहिली.

“आता अक्षरांसारखं लावतंय,” तो म्हणाला. “एकाचं अक्षर दोनाच्या आधी. म्हणून दहा आधी.” त्याने डोकं खाजवलं. “मला सांग, हे टिंब म्हणजे नक्की काय असतं?”

आसमा बघत राहिली. लहानपणापासून हजारदा उच्चारलेली मापं, पण कुणी असं विचारलं नव्हतं. दोन-चारला अब्बा सव्वादोन म्हणायचे. दोन-आठला अडीच.

“आणे,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“जुन्या रुपयात सोळा आणे असत, तसे हितं इंचात सोळा भाग हायेत. चार भाग म्हंजे पाव. आठ म्हंजे अर्धा. ह्ये टिंब दशांशाचं न्हाईच, सर! दोन इंच आन् वर दहा भाग. दोन वेगळ्या पूर्ण संख्या हायेत ह्या, आमी बोलताना जवळ जवळ ठेवल्यात नुसत्या.”

“मग यंत्राला कसं सांगशील?”

तिची बोटं चालायला लागली होती. इंच वेगळा, भाग वेगळे. इंचाला सोळाने गुणायचं, भाग मिळवायचे. चौतीस, छत्तीस, अडतीस, चाळीस... आणि सगळ्यात शेवटी, दिमाखात, बेचाळीस – दोन-दहा.

ती खुर्चीतून उठलीच. “झालं! आवो, झालं!” आणि त्या भरात तिने त्याचा हात धरला. मग सोडला. मग दोघंही पडद्याकडे असे बघू लागले, जणू तिथे अजून बरंच काही वाचायचं होतं.

*

हिंजवडीच्या मुलाखतीला ती अम्मीचा बारीक फुलांचा दुपट्टा घेऊन गेली. समोर ऋतिका देशपांडे नावाच्या बाई होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, डेटा टाइप का लागतात? आसमाने इंग्रजीत दोन शब्द जुळवले आणि सोडून दिले. मग तिने विचारलं, “मॅडम, मी मराठीत सांगू?” आणि बांगडीची गोष्ट सांगितली. बाईंनी मधेच आपल्या हातातली बांगडी काढून बघितली. संध्याकाळी फोन आला – निवड झाली.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा शेवट होता. पिरंगुटपासून वरपर्यंत भातकापणी चाललेली, रिक्षात आंबेमोहोराचा वास भरलेला. परवेज फाटकाशीच भेटला. तिने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि जे आठवडाभर मनात जुळवलं होतं ते सगळं विसरली.

“तुमच्यामुळं झालं, सर. मी सोडून चालले होते. तुमी... तुमी मला माझंच जुनं उघडून दावलं. तुमचे लई उपकार हायेत. आन् मला... मला तुमी आवडता.”

परवेजच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला. तिने तो स्वच्छ पाहिला. मग तो उजेड त्यानेच विझवला.

“आसमा, हे आभार आहेत,” तो खाली बघून म्हणाला. “नवीन काही उमगलं की शिकवणारा मोठा वाटतो. मलाही माझे सर देव वाटायचे. तू आत्ता आनंदात आहेस. त्या आनंदाचा मी फायदा घेतला तर... मला स्वतःलाच तोंड दाखवता यायचं नाही.”

“म्हंजे मला काय वाटतं ते तुमाला ठावं, मला न्हाई?”

तो पेढ्यांचा पुडा दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. आसमा वळली आणि उतार चालत उतरली. रिक्षावाल्याने हाक मारली तरी थांबली नाही.

*

नोकरी सुरू झाली. सकाळी घोटावडे फाट्यावरून कंपनीची कॅब, काचेची इमारत, गळ्यात कार्ड. पहिल्या पगाराच्या आधीच अम्मीने सासवडचा विषय काढला, तेव्हा आसमा पहिल्यांदा सरळ म्हणाली, “अम्मी, नको. मुलगा चांगला हाय, पन नको.” मौलाभाईंनी वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केलं. विषय तिथेच संपला.

परवेजचं बोलणं मात्र तिच्या मनातून जात नव्हतं. खरंच नुसते आभार होते का ते? तिने प्रामाणिकपणे तपासलं. ऋतिका मॅडम तिला रोज शिकवायच्या, चुकलं तर शेजारी बसून दाखवायच्या. आसमाला त्यांच्याविषयी इतकं वाटायचं की एकदा तिने त्यांना घरून खीर नेली. त्या दिवशी ‘जाऊन ये’ म्हणणाऱ्या अब्बांविषयी वाटायचं. ‘क्ष’ शिकवणाऱ्या शाळेतल्या गुरवबाईंविषयीसुद्धा, ज्यांचा तिला तेव्हा राग यायचा! केवढ्या लोकांनी हात देऊन आपल्याला इथवर आणलं, या विचाराने तिचं मन निवून जायचं. शांत झोप लागायची.

परवेजची आठवण आली की झोप लागायची नाही. मन निवायचं नाही, उलट पेटायचं. तो जेवला असेल का, औशाला गेला असेल का, अजून हेल्मेट उलटं घालतो का... असल्या गोष्टींचा उपकारांशी काय संबंध? त्याने तिला एक अक्षर शिकवलं नसतं, दुकानातून बांगड्या घेऊन नुसता निघून गेला असता, तरी ती त्या दिवशी हसलीच होती की!

इतकं साधं होतं. आणि हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

थंडीतली संध्याकाळ होती. हिंजवडीपुढच्या माणच्या रस्त्यावर नेहमीसारखी कोंडी झालेली – पुढे डंपर, मागे बसगाड्या, मधे दुचाक्यांचा लोंढा. कॅब जागची हलत नव्हती. आसमाने काचेतून बाहेर पाहिलं आणि काच पटकन खाली केली. दोन गाड्यांच्या फटीत एक दुचाकी अडकली होती. चष्मा. ओळखीचं हेल्मेट.

“दादा, दार उघडा,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

“मॅडम, हितं?”

“हितंच.”

ती उतरली, दोन आरशांना धक्का लावत दुचाकीसमोर जाऊन उभी राहिली. परवेजने तिला पाहिलं आणि गाडी बंद पडली. पळायला पुढे जागा नव्हती, मागेही नव्हती.

“वाकड तर मागं ऱ्हायलं,” आसमा म्हणाली. “इकडं कुटं?”

“सहज... काम होतं.”

“माणला काय काम?”

हॉर्न वाजत होते. परवेजने हेल्मेट काढलं. केस चपटे झाले होते. “रोजच येतो,” तो शेवटी म्हणाला. “तुझी कॅब जाईपर्यंत. मग परत वळतो.”

“रोज?”

“कधी दिसते... कधी नाही दिसत.”

आसमाला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. “परवेज,” ती म्हणाली. पहिल्यांदा नावाने, पहिल्यांदा ‘सर’ न जोडता. तो दचकला. “आता ऐक. तुझे आभार हायेतच. ते मी जन्मभर मानीन, त्यात काय लाज न्हाई. पन आभार ऋतिका मॅडमचेबी हायेत, अन् त्यांच्यासाटी मी भर रस्त्यात कॅबमधनं उतरत न्हाई. ह्ये येगळं हाय. मला दोन्हीतला फरक कळतो. तूच शिकवलंस म्हून न्हाई – मला आधीपासनं कळतं.”

परवेजने हेल्मेट हँडलला अडकवलं.

“आन् तुला काय वाटतं ते सांग. नुसतं हो का न्हाई तेवढं सांगून चालनार न्हाई.”

“मी... अगं, मी त्या दिवसापासून धड जेवलो नाही,” तो म्हणाला, आणि त्याची सगळी भाषा औशाला पोचली. “अम्मीला सांगितलो. ती म्हणाली, पोरीला सांगितलास का? मी म्हणलो, तिला नाही म्हणून आलो. तर शिव्या घालायली मला! मला तू लई आवडतीस, आसमा. तुझ्या दुकानात पाय ठेवलो तवापासून. आभार तर मी मानायला पाहिजेत. चार वर्षं मी ह्या शहरात नुसता राहायलो होतो. तू वर्गात हसलीस, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथं आलोय.”

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. पुढची रांग हलू लागली होती. कॅबच्या खिडकीतून आसमाच्या सोबतिणी हात हलवून, ओठ दाबून हसत होत्या. एकीने तिची पर्स बाहेर काढून धरली. आसमाने पळत जाऊन ती घेतली, परत आली आणि दुचाकीवर मागे बसली.

“घोटावडे फाट्यापर्यंत,” तिने बजावलं. “न्हाईतर पौडला सगळ्या बाजाराला कळंल.”

“आणि तुझ्या अब्बांना?”

“त्यांना मीच सांगते.” तिने तिथल्या तिथे फोन लावला. एक कान हाताने झाकून घेतला. “अब्बा, उद्या रविवार हाय ना... घरी एक पाव्हना येतोय. माज्यासाटी येतोय. तुमाला भेटायला.”

पलीकडे दुकानातल्या बांगड्यांची किणकिण थांबली. परवेजने आरशात तिच्या चेहऱ्याकडे बघत गाडीचा वेग कमी केला.

मग मौलाभाईंचा शांत आवाज आला. “नुसता चहाला येतोय का जेवायला?”

“जेवायला, अब्बा.”

“मंग अम्मीला आत्ताच सांगतो,” ते म्हणाले. “चांगलं मटन सकाळी लवकरच संपतं.”

तिने फोन ठेवला. माणची शेवटची दुकानं मागे पडली, रस्ता मोकळा झाला, थंड वारा अंगावर आला. कापून रचलेल्या भाताच्या उडव्या दोन्ही बाजूंनी पळत होत्या. आसमाने मनातल्या मनात सगळ्यांना एकदा हात जोडले – शाळेतल्या बाईंना, मॅडमना, अब्बांना, वर बसलेल्या अल्लाला. आणि समोरच्या पाठीवर गाल टेकवला.